शेपटीचं सोंग

उन्हाळ्यात ऊस कारखान्याला गेला, की शिरोळ-हातकणंगलेच्या शिवारात बांध नीट करायची कामं निघतात. जेसीबीचं बकेट जुन्या बांधात घुसतं आणि पंधरा-वीस वर्षं कुणी हात न लावलेली माती उपसून बाजूला टाकतं. त्या मातीबरोबर कधीकधी मनगटाएवढा जाड, तपकिरी, तेल चोपडल्यासारखा तुकतुकीत साप बाहेर पडतो. तो पळत नाही, अंगावर येत नाही. जागच्या जागी वेटोळं घालतो, डोकं वेटोळ्याच्या तळाशी दडवतो आणि शेपटीचं बोथट टोक वर उचलून हळूहळू हलवत राहतो. भोवती जमलेल्या माणसांच्या नजरा त्या टोकावर खिळतात. 'मांडूळ हाय' असं कुणीतरी म्हणतं, आणि त्यापुढचं वाक्य बहुतेक वेळा पैशाचं असतं.

मांडूळ हा बोआ कुळातला साप. बोआ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दक्षिण अमेरिकेच्या जंगलातलं अजस्र जनावर उभं राहतं. पण या घराण्याची एक धाकटी पाती आहे. आफ्रिकेच्या उत्तर भागापासून अरबस्तान, इराण, मध्य आशियाची वाळवंटं ओलांडत ती भारतापर्यंत पसरली आहे. अंगानं बुटकी, शेपटीनं आखूड आणि आयुष्याचा मोठा भाग जमिनीखाली काढणारी. शास्त्रज्ञ तिला 'एरिक्स' म्हणतात. भारतात बोआ म्हणावेत असे साप एवढेच, आणि त्यांच्या जाती तीन: मांडूळ, दुरक्या घोणस आणि व्हिटेकरचा बोआ.

वाळवंटातल्या घराण्याचा साप कोल्हापूरच्या उसात काय करतो, हा प्रश्न मला फार दिवस पडत असे. उत्तर जिल्ह्याच्या नकाशातच आहे. पश्चिमेला गगनबावड्यात वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस कोसळतो. तिथून पूर्वेला निघालं, की शंभरेक किलोमीटरच्या आतच शिरोळ लागतं आणि पाऊस जेमतेम पाचशेच्या आसपास येतो. आजची हिरवाई ही धरणांची आणि पाणीपुरवठा संस्थांची. त्याआधी हा भाग जोंधळ्याचा, माळाचा, कोरडवाहू होता. मांडुळाला वाळवंट हवंच असं नाही. त्याला हवी भुसभुशीत, पाणी न साचणारी जमीन, भरपूर बिळं आणि त्या बिळांत उंदीर. नदीकाठची मळी, मुरमाड माळ, जुने बांध, गावाबाहेरच्या उकिरड्याची कड, हे सगळं त्याला चालतं. उसानं त्याचा माळ घेतला खरा, पण उसाबरोबर उंदीरही वाढले, आणि हा साप बांधाच्या आसऱ्याला येऊन टिकला.

तिन्ही जाती आपापल्या जमिनीप्रमाणे राहतात. मांडूळ कोरड्या पूर्वेचा. दुरक्या घोणसही कोरड्या मुलखाचाच, पण त्याला अधिक ठिकाणी राहता येतं. तिसरा व्हिटेकरचा बोआ मात्र पावसाळी बाजूचा. गोवा, कर्नाटक, केरळच्या किनाऱ्यालगत आणि सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर तो सापडतो. हा साप वेगळा आहे हे ओळखायलाही फार वेळ लागला. मांडूळ आणि दुरक्या यांची शास्त्रीय नोंद एकाच वर्षी झाली, १८०१ मध्ये. व्हिटेकरच्या बोआचं वर्णन इंद्रनील दास यांनी केलं ते १९९१ मध्ये, म्हणजे तब्बल १९० वर्षांनी. चेन्नईच्या सर्पोद्यानाचे संस्थापक रोम्युलस व्हिटेकर यांचं नाव त्यांनी त्याला दिलं. तोवर तो कुणाला दिसत नव्हता असं नाही. दिसत होता, पण प्रत्येक जण त्याला आधीच्या दोघांपैकी एक समजत होता.

मांडुळाच्या शास्त्रीय नावात 'जॉनी' हा शब्द आहे. तो तमिळनाडूतल्या तरंगमबाडीच्या डॅनिश वसाहतीत राहणाऱ्या ख्रिस्टोफ सॅम्युएल जॉन या मिशनऱ्याच्या नावावरून आला. जॉन निसर्गाचा अभ्यासक होता. साप आणि मासे जमवायचा आणि युरोपातल्या विद्वानांना धाडायचा. नाव देणारा पॅट्रिक रसेल हा ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतला डॉक्टर. ज्याच्या नावानं घोणस जगभर ओळखली जाते, तोच हा रसेल. भारतातल्या सर्वांत जहाल सापांपैकी एकाला ज्याचं नाव मिळालं, त्याच माणसानं सर्वांत निरुपद्रवी सापांपैकी एकाची ओळख जगाला करून दिली.

आता या सापाचं शरीर नीट पाहू, कारण त्याचं सगळं आयुष्य त्या शरीरात लिहिलेलं आहे. नागाला किंवा धामणीला मान असते, डोकं वेगळं दिसतं. मांडुळाला मानच नाही. डोकं, धड, शेपूट सगळं एकाच जाडीचं, एखाद्या गोल लाकडी दांड्यासारखं. नाकाच्या टोकाचा खवला रुंद आणि पाचरीसारखा, म्हणजे माती कापायची पहार. डोळे बारीक, मातीत घासले जाऊ नयेत एवढे लहान, आणि बाहुली मांजरासारखी उभी, कारण उजेडातलं काम त्याला फारसं नाही. अंगावरचे खवले लहान, गुळगुळीत, एकावर एक घट्ट बसलेले. माती त्यांना चिकटत नाही. झाडावर चढणाऱ्या, जमिनीवर सरपटणाऱ्या सापांच्या पोटाखाली आडवे रुंद पट्टे असतात. मांडुळाचे ते पट्टे अरुंद आहेत. त्यामुळे जमिनीवर तो मंद, जवळजवळ सरळ रेषेत सरकतो. मातीत शिरला की मात्र बघता बघता दिसेनासा होतो.

मोठा मांडूळ तीन फुटांच्या आसपास भरतो, क्वचित थोडा अधिक. मादी नरापेक्षा मोठी. आणि या आखूड शेपटीच्या सुरुवातीला, पोटाच्या बाजूनं नीट पाहिलं तर दोन बारीक नख्या दिसतात. सापांच्या पूर्वजांना पाय होते, त्यातल्या मागच्या पायांची ही उरलेली खूण. नराच्या नख्या जरा मोठ्या असतात आणि मीलनाच्या वेळी तो त्यांनी मादीला चाळवतो. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या पायाची खूण आपल्या बांधातल्या सापाच्या अंगावर आहे, ही गोष्ट मला कुठल्याही गुप्तधनापेक्षा मोलाची वाटते.

दिवस तो बिळात काढतो. कडूसं पडलं, विशेषतः एखादा वळीव झाला, की बाहेर येतो. शिकारीची त्याची रीत दबा धरण्याची. अंग मातीत, फक्त नाकाडं वर. उंदीर आवाक्यात आला की झडप आणि लगेच विळखा. बिळात विळखा घालायला जागा नसेल तर उंदराला बिळाच्या भिंतीशी दाबून धरतो. विषाचा संबंधच नाही, सगळी मदार स्नायूंवर. उंदरांच्या बिळांत शिरून पिल्लांची वेतं संपवणं हे काम मांजर करू शकत नाही, घुबड करू शकत नाही. ते मांडूळ करतो. तो क्वचित दुसरे सापही खातो. माणसाच्या वाटेला जायचं त्याला काहीच कारण नाही, आणि हाताळला तरी तो सहसा चावत नाही.

बोआ अंडी घालत नाहीत, पिल्लं देतात. मांडुळाची मादी पाच-सहापासून चौदापर्यंत पिल्लं देते. पिल्लू जन्मतःच तांबूस-केशरी असतं आणि मागच्या अंगावर, शेपटीकडे, काळे पट्टे असतात. वाढत्या वयाबरोबर ते पुसट होत जातात आणि म्हातारा मांडूळ सबंध तपकिरी उरतो. पट्टे पाहून अनेकांना हा वेगळाच विषारी साप वाटतो आणि पिल्लं मारली जातात.

घराण्यातला एकजण मात्र अंडी घालतो, आणि त्याचं नाव मराठी आहे. ओमानच्या मस्कतमध्ये १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात आत्माराम सदाशिव जयकर नावाचे भारतीय वैद्यकीय सेवेतले शल्यचिकित्सक होते. जवळजवळ तीस वर्षं ते तिथं राहिले. दवाखाना सांभाळता सांभाळता त्यांनी अरबस्तानच्या डोंगरांतून, वाळवंटातून, समुद्रातून प्राणी जमवले आणि लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयाकडे पाठवले. अरबी म्हणी गोळा केल्या, दमीरीच्या जुन्या अरबी प्राणिकोशाचं इंग्रजी भाषांतर केलं. त्यांनी पाठवलेल्या एका छोट्या सापाचं वर्णन बुलेंजे या शास्त्रज्ञानं १८८८ मध्ये केलं आणि नाव ठेवलं 'एरिक्स जयकरी'. अरबस्तानच्या डोंगरातला रानबोकड, एक सरडा, एक समुद्री घोडा यांच्या नावांतही जयकर आहेत. मराठी शाळेत हे नाव कुणी शिकवलेलं मला आठवत नाही, शिकवायला हवं.

जयकरांचा हा साप हातभर लांबीचा. त्याचे डोळे डोक्याच्या अगदी माथ्यावर, वर बघणारे. सगळं अंग वाळूत पुरून फक्त दोन डोळे वर ठेवून तो पालींची वाट पाहतो. पाहणाऱ्याला वाळूवर दोन बारीक खडे दिसावेत इतकंच. त्याच्या अंड्यांनी तर जीवशास्त्रात मोठाच वाद उभा केला. बेल्जियमचे शास्त्रज्ञ लुई डोलो यांचं म्हणणं असं, की उत्क्रांतीत एकदा गमावलेली गुंतागुंतीची गोष्ट परत मिळत नाही. पिल्लं देणाऱ्या बोआंच्या वंशात हा एक अंडी घालतो, म्हणजे त्याच्या पूर्वजांनी सोडलेली अंड्याची वाट त्यानं पुन्हा धरली की काय? २०१० मध्ये व्हिन्सेंट लिंच आणि ग्युंटर वॅगनर यांनी सापांची वंशावळ मांडून तसंच झालं असावं असा निष्कर्ष काढला. त्यांच्या बाजूनं एक सुंदर पुरावा होता. अंड्यातून येणाऱ्या सापाच्या पिल्लाला कवच कापायला नाकाच्या टोकाशी एक तात्पुरता दात असतो. जयकरांच्या सापाच्या पिल्लाला तो नाही. अंडं परत आलं, पण ते फोडायचं हत्यार परत आलं नाही.

हा साप कोल्हापुरात नाही, पण त्याच्याशी आपल्या मांडुळाची तुलना केली की एक गोष्ट लक्षात येते. दोघांचंही जगणं लपण्यावर उभं आहे. जयकरांचा साप लपतो भक्ष्यासाठी. मांडूळ लपतो तसाच, पण पकडला गेला तर त्याच्याकडे आणखी एक उपाय आहे, आणि तो म्हणजे शेपटी.

ती शेपटी टोकाला निमुळती होत नाही. बोथट, गोल, डोक्याएवढीच जाड. मुंगूस, शिकारी पक्षी किंवा कुत्रं समोर आलं, की मांडूळ डोकं खाली दडपतो आणि शेपूट वर धरतो. हल्ला करणारा जीव डोक्यावर झेप घ्यायला शिकलेला असतो, कारण सापाचं डोकं फोडलं की साप संपतो. तो झेप घेतो शेपटीवर. शेपटीला जखम होते, ती भरून येते आणि साप जगतो. रानात सापडणाऱ्या अनेक मांडुळांच्या शेपटीवर जुन्या जखमांचे व्रण असतात. प्रत्येक व्रण म्हणजे त्याचा एकदा वाचलेला जीव.

माणसानं हेच सोंग पाहिलं आणि 'दुतोंड्या' हे नाव ठेवलं. सहा महिने तो या तोंडानं चालतो, सहा महिने त्या तोंडानं, ही समजूत गावोगाव आहे. गारुडी शेपटीच्या टोकाला तापल्या सळईनं किंवा पात्यानं डोळे आणि जबडा कोरत आणि दुसरं तोंड म्हणून दाखवत. आपल्या भाषेत दोन्हीकडून बोलणाऱ्या माणसाला दुतोंडी म्हणतात, पण या बिचाऱ्या सापाला एकच तोंड आहे आणि ते तो शक्य तेवढं लपवतो.

त्या सोंगातून आलेल्या नवलातूनच पुढचा सगळा बाजार उभा राहिला आहे. मांडूळ घरात ठेवला की गुप्तधन सापडतं, त्याची पूजा केली की पैशांचा पाऊस पडतो, त्याच्या रक्तापासून असाध्य रोगाचं औषध होतं. वजन जितकं जास्त तितकी किंमत अधिक, आणि किंमत लाखांतून कोटींत जाते. हे सगळं खोटं आहे. औषधाला कसलाही शास्त्रीय आधार नाही. कोटी रुपये देणारा शेवटचा गिऱ्हाईकही कधी समोर येत नाही, साखळीतला प्रत्येक जण पुढच्याला फसवत राहतो. मात्र साप खराखुरा असतो. तो बिळातून खणून काढला जातो, बरणीत किंवा गोणपाटात महिनोन्‌महिने कोंडला जातो, आणि वजन भरावं म्हणून त्याला धातूच्या गोळ्या गिळायला लावल्याचे प्रकारही उघडकीस आले आहेत.

डब्ल्यूसीएस-इंडिया या संस्थेनं २०१६ ते २०२१ या काळातल्या बातम्यांवरून या व्यापाराचा हिशेब मांडला. देशातल्या १८ राज्यांत आणि एका केंद्रशासित प्रदेशात मिळून मांडूळ पकडल्याचे १७२ प्रकार त्यांना मिळाले. त्यांत सर्वाधिक, ३४, महाराष्ट्रातले होते. हे फक्त पकडले गेलेले. मला या आकड्याची लाज वाटते. २०१३ मध्ये जादूटोण्याविरुद्ध कायदा करणारं हे राज्य. तरीही पोलिसांना बनावट गिऱ्हाईक होऊन लॉजवर, बसस्थानकावर मांडूळ विकायला आलेली शिकलीसवरलेली पोरं पकडावी लागतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हा साप पकडणं, बाळगणं, विकणं गुन्हा आहे. त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही निर्बंध आहेत. जागतिक यादीत तो आता धोक्याच्या उंबरठ्यावर असलेल्या जातींत मोजला जातो. सुटका झाली तरी त्याचे हाल संपत नाहीत. कुठल्या बांधातून आणला हे पकडलेला माणूस सांगत नाही, आणि साप कुठे सोडायचा हा वनखात्यापुढचा प्रश्न तसाच राहतो.

दुरक्या घोणसाची गत वेगळी. त्याला कुणी विकत घेत नाही, त्याला घोणस समजून ठेचतात. दोन फुटांचा, अंगानं लठ्ठ, पिवळट-करड्या रंगावर गडद तपकिरी वेडेवाकडे डाग असलेला हा बिनविषारी साप. त्याचे खवले, विशेषतः शेपटीकडचे, खरखरीत असतात. हा चिडका आहे, झटकन चावतो, पण चावल्यानं खरचटण्यापलीकडे काही होत नाही. खऱ्या घोणशीचं डोकं त्रिकोणी आणि मानेपासून स्पष्ट वेगळं, पाठीवर साखळीसारख्या गोल डागांच्या तीन रांगा, आणि कुकरच्या शिट्टीसारखा लांबलचक फुत्कार. फरक सांगितला तो डोळ्यांनी ओळखण्यापुरता. त्याच्या भरवशावर साप हातात घेऊ नका. मांडूळ किंवा अजगराचं पिल्लू समजून घोणस उचलणाऱ्यांनी त्या चुकीची भयंकर किंमत मोजली आहे.

आपल्या जिल्ह्यानं साप ओळखायला शिकवण्याचं काम फार आधी सुरू केलं, याचा मला अभिमान आहे. चंदगड तालुक्यात ढोलगरवाडी नावाचं खेडं आहे. तिथल्या शाळेत बाबूराव टक्केकर या शिक्षकांनी १९६० च्या दशकात साप आणून ठेवले आणि मुलांना विषारी-बिनविषारी ओळखायला शिकवलं. नागपंचमीला तिथे साप बघायला परगावची माणसं येऊ लागली. शेतकऱ्याच्या पोरानं मांडूळ आणि घोणस यांतला फरक वर्गात शिकावा, ही कल्पना त्या काळात एका आडबाजूच्या शाळेत रुजली. तशी शाळा पूर्वेकडच्या ऊसपट्ट्यात झाली असती, तर किती बांधांतले मांडूळ वाचले असते असं मनात येतं.

कारण ऊसपट्ट्यात त्याच्यावर संकटं अनेक आहेत. पाचट पेटवली की सरीतले, पाल्याखालचे जीव होरपळतात. शेतं सलग करताना जुने बांध जातात आणि बांधाबरोबर बिळंही. उंदरांसाठी घातलेलं विष उंदरामार्फत सापाच्या पोटात जाऊ शकतं. आणि पंचगंगा-कृष्णेला २०१९ किंवा २०२१ सारखा महापूर आला, की जमिनीखाली राहणाऱ्याला आधी बाहेर पडावं लागतं. पाणी चढतं तसे असे साप उंचवट्यावर, घरांच्या जोत्यांवर, गोठ्यात येतात. तिथं त्यांना काठी मिळते किंवा पोतं.

तुमच्या बांधात मांडूळ निघाला तर जेसीबी पाच मिनिटं थांबवा. त्याला त्याच बांधाच्या न खणलेल्या भागाकडे जाऊ द्या. तो स्वतःच मातीत शिरेल. पाचट जाळू नका, कुजवा. आणि कुणी वजनकाटा घेऊन, कोटींची गोष्ट सांगत दारात आला, तर महाराष्ट्र वनविभागाचा १९२६ हा क्रमांक फिरवा.